सोनोग्राफीत फायब्रॉईड निघालंय? पिशवी काढायला हो म्हणण्याआधी हे वाचा

रिपोर्टमध्ये फायब्रॉईड दिसलं की पहिली भीती कॅन्सरची वाटते, ती आधी मनातून काढा. या गाठी गर्भाशयाच्या स्नायूच्या असतात आणि त्यात कॅन्सर निघणं फारच क्वचित, हजारात एकापेक्षाही कमी. कितीतरी जणींना गाठ असते आणि जन्मभर कळतही नाही. पाळी गेली की बहुतेक गाठी आपोआप आक्रसतात.

आता रिपोर्ट नीट वाचा. सगळे सेंटीमीटर बघतात, पण खरा प्रश्न गाठ कुठे आहे हा. सबम्युकोसल लिहिलं असेल तर ती आतल्या अस्तराला लागून आहे, अशी गाठ दीड सेंटीमीटरची असली तरी पाळीत धो धो जाऊ शकतं. सबसेरोसल म्हणजे बाहेरच्या बाजूला, ती पाच सेंटीमीटरची होऊनही कधीकधी काहीच त्रास देत नाही, फार तर लघवीला सारखं जावं लागतं. इंट्राम्युरल म्हणजे भिंतीत.

डॉक्टरकडे जायच्या आधी दोन-तीन पाळ्या लिहून ठेवा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत किती पॅड बदलले तेवढा आकडा टाकायचा, रुपयाच्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडल्या तर फुली मारायची आणि पानाचा फोटो काढून न्यायचा. "खूप जातं हो" म्हणण्यापेक्षा याने डॉक्टरला पटकन कळतं. सोबत हिमोग्लोबिन करून घ्या, बाईचं १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या.

त्रास नसेल तर काही न करता मधूनमधून सोनोग्राफी करत राहणं हाही उपचारच आहे. रक्तस्राव जास्त असेल तर पाळीच्या दिवसांपुरत्या ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या असतात (पायात किंवा फुफ्फुसात गुठळी झाली असेल तर आधी सांगा), हार्मोनवाली कॉपर-टीसारखी वस्तू आत बसवतात, नुसती गाठ काढता येते, आतली गाठ तर पोटावर टाका न घालता दुर्बिणीने खालूनच निघते. गाठीचा रक्तपुरवठा बंद करायचीही पद्धत आहे, पण मूल हवं असेल तर ते आधी स्पष्ट बोला. पिशवी काढणं हा शेवटचा उपाय, काहींना लागतोही, पण "मुलं झालीत ना, मग कशाला ठेवायची" हे काही कारण नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या इतक्या सर्रास काढल्या गेल्या की २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे लक्षात ठेवा ताई.

म्हणून दुसरं मत घ्याच. नाशकात कॉलेज रोड, गंगापूर रोडला प्रायव्हेट भरपूर आहेत, पैशाची ओढाताण असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला जा. ऑपरेशन ठरलंच तर सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं का ते ॲडमिट व्हायच्या आधीच दवाखान्यात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा.

थांबायचं नाही असंही काही असतं: तासाला एक पॅड भिजतंय आणि चक्कर येतेय, पोटात अचानक असह्य दुखतंय, किंवा पाळी जाऊन वर्ष झालं तरी परत अंगावरून रक्त जातंय. पहिल्या दोन्हींत रात्र असली तरी निघा, तिसऱ्यात त्याच आठवड्यात दाखवा.