पडत्या बर्फात पक्ष्यावर फोकस टिकत नव्हता: माझा अनुभव

बर्फ पडत असताना फांदीवरच्या पक्ष्यावर फोकस लागायचा, पण पुढच्याच फ्रेमला सुटून मधल्या बर्फाच्या कणांवर यायचा. फोटो मोठा करून पाहिला की एक पांढरा कण अगदी स्पष्ट आणि मागे पक्ष्याचा नुसता डाग. दोन सकाळी अशा वाया गेल्या, फार जीव तुटला.

लेन्स पुसली, शटर १/२००० सेकंद केला. फरक शून्य. शटरने हालचाल गोठते, चुकीच्या जागी लागलेला फोकस त्याने सुधारत नाही.

जमलं ते या क्रमाने. आधी लेन्सवरचा फोकस लिमिटर, म्हणजे लेन्सने कोणत्या अंतरांत फोकस शोधायचा ते ठरवणारा स्विच, 'फुल'वरून (सगळी अंतरं) लांबच्या अंतरावर नेला. लेन्ससमोरचे जवळचे कण तिथेच बाद झाले. मग पूर्ण फ्रेमचा एएफ (ऑटोफोकस) एरिया सोडून सिंगल पॉइंट, म्हणजे फोकससाठी एकच छोटा बिंदू घेतला, मोड मात्र कंटिन्युअसच (सतत फोकस जुळवत राहणारा) ठेवला. ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी सर्वांत कमी केली, म्हणजे मध्ये कण आला तरी कॅमेरा लगेच त्याच्याकडे धावत नाही. शेवटी फोकस शटरच्या बटणावरून काढून कॅमेऱ्याच्या मागच्या एएफ-ऑन (फक्त फोकस लावणाऱ्या) बटणावर दिला. पॉइंट डोळ्यावर, बटण दाबायचं, फोकस लागला आणि पक्षी स्थिर असला की अंगठा उचलायचा, मग फक्त शटर. पक्षी पुढे-मागे सरकला की पुन्हा अंगठा.

पक्षी लिमिटरच्या किमान अंतराच्या आत आला तर फोकस लागणारच नाही. तेव्हा स्विच परत 'फुल'वर.

तिसऱ्या सकाळी डोळ्यातली चमक मिळाली, पाठीवर साचलेला बर्फसुद्धा दाणा न् दाणा दिसला.