घरच्या घरी कोल्ड एअर इनटेक : बॉनेट उघडण्याआधीची तयारी

कोल्ड एअर इनटेक म्हणजे बॉनेटखालच्या गरम हवेऐवजी बाहेरची थंड हवा इंजिनाला पोचवणारा मार्ग. त्याचे पाइप आणि फिल्टर आणायला पुण्यात नाना पेठेत जाण्याआधी एक ओबीडी डोंगल घ्या, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा छोटा जोड. ब्लूटूथवाला, मोबाइलला जोडता येईल असा. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये तो लावला की इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान स्क्रीनवर दिसतं. हा सगळा खटाटोप तो एक आकडा खाली आणण्यासाठी आहे, त्यामुळे आज तो किती आहे हे कळल्याशिवाय कापाकापीला हात घालू नये. दोनदा मोजा: एकदा संध्याकाळी कर्वे रोडवर रांगेत अडकलेले असताना, आणि एकदा कात्रज-देहूरोड बाह्यवळणावर गाडी एकसारख्या वेगात चालत असताना. आकडे शेजारी बसलेल्याने लिहून घ्यायचे, चालवणाऱ्याने नाही. बाहेरचं तापमानही सोबत लिहा.

गणित सरळ आहे. हवा दर ३ अंश तापली की साधारण १ टक्का विरळ होते. बाहेर ३५ अंश आणि आत ५० असतील, तर प्रत्येक श्वासाला जवळपास ५ टक्के हवा कमी मिळते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणजे मुंबईच्या मानाने इथे हवेचा दाब आधीच ६ टक्क्यांच्या आसपास कमी. त्यात हवा तापलेली असली की इंजिन ठोकू नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, आणि पिकअप आणखी बसतो. एप्रिलच्या दुपारी गाडी जड वाटते त्याचं बरंचसं कारण इथे आहे.

आता वहीकडे बघा. बाह्यवळणावर आतली हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनीच गरम असेल, तर कंपनीने हवा घ्यायचं तोंड आधीच थंड जागी, म्हणजे ग्रिलमागे किंवा हेडलाइटच्या बाजूला दिलेलं आहे. बहुतेक नव्या गाड्यांत ते तसंच असतं. अशा गाडीत कंपनीचा फिल्टरचा बंद डबा (एअरबॉक्स) काढून उघडा कोन फिल्टर बसवला तर आवाज वाढतो, पण फिल्टर रेडिएटरमागची गरम हवा ओढायला लागतो आणि आकडा वर जातो. हे मी आग्रहाने सांगतो, कारण बाजारात कोल्ड एअर इनटेक म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं हेच असतं. थंड हवा मिळते ती तोंड कुठे आहे त्यावर. पाइप चकचकीत आहे की नाही, याचा तिच्याशी संबंध नाही.

दुसरं मोजमाप थोडं मेहनतीचं आहे, पण मला ते फार आवडतं. गवंडी पाणसळ धरायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी चार-पाच मीटर आणा. तिचं एक टोक यू आकारात वळवून मीटरभर उंचीच्या फळीवर चिकटवा, त्यात अर्ध्यापर्यंत कुंकू कालवलेलं पाणी भरा आणि शेजारी मोजपट्टी लावा. नळीचं दुसरं टोक बॉनेटच्या फटीतून नेऊन फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी (पॅडल दाबल्यावर हवेची वाट उघडणारी झडप) यांच्यामध्ये जोडायचं. थ्रॉटलच्या पलीकडे चुकूनही नको: तिथली ओढ इतकी जबरदस्त असते की इंजिन ते पाणी पिऊन टाकेल. जागेची खात्री नसेल तर गॅरेजवाल्याला उभं करून जोडा. मग पहाटे, रस्ता मोकळा असताना, कात्रजच्या जुन्या घाटाच्या चढणीला दुसऱ्या गिअरमध्ये पॅडल काही क्षण पूर्ण दाबा, वेगमर्यादा पाळून. शेजाऱ्याच्या मांडीवरच्या फळीत एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं चढतं. दोन्हींतला फरक १० सेंटिमीटर असेल तर हवेच्या दाबातला सुमारे १ टक्का वाटेतच खर्च होतोय. हाच प्रयोग नवा पेपर फिल्टर घालून पुन्हा करा. फरक लगेच कमी झाला, तर दोष धुळीने भरलेल्या फिल्टरचा होता आणि काम काहीशे रुपयांत संपलं.

कायद्याची बाजू साहित्य घेण्याआधीच बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदींपेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला आधी विचारा, उत्तर लेखी घ्या.

म्हणून माझं मत असं, की कंपनीचा एअरबॉक्स, त्यातला फिल्टर आणि तिथून थ्रॉटलपर्यंतची नळी आहे तशीच ठेवावी. आपण बांधायचं ते डब्याच्या अलीकडचं: ग्रिलपासून डब्यापर्यंतचा नवा मार्ग आणि डब्याभोवती उष्णता अडवणारा आडपत्रा. जे होईल ते बोल्टवर, तासाभरात काढता येईल असं. बॉडीचा पत्रा कापायचा नाही. यात सेन्सरांना हात लागत नाही, आणि हा फायदा मोठा आहे. ज्या गाड्यांत हवा मोजणारा मॅफ सेन्सर असतो तिथे त्याच्या घराचा व्यास बदलला की सगळं मोजमाप बिघडतं. तेल लावलेल्या कापडी फिल्टरचं तेल त्याच्या तारेवर बसलं तरी तेच. इंजिनावरच्या व्हॉल्व्ह कव्हरकडून तेलकट वाफ परत आत नेणारी ब्रीदर नळीही आपल्या जागी राहते. ती मोकळी लोंबत सोडली की बॉनेटखाली ऑइलचा वास आणि पीयूसीला कटकट.

खरेदीचा दिवस शहरातच ठेवा. ६३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतो, आणि तो अडीच इंची सिलिकॉन होसमध्ये जवळजवळ बरोबर बसतो. १.२ लिटरच्या इंजिनाला एवढा व्यास भरपूर झाला. इंजिन पूर्ण ताकदीने फिरत असताना यातून हवा सेकंदाला साधारण २० मीटर वेगाने जाते, म्हणजे मीटरभर पाइप ओलांडायला तिला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. तीन इंची पाइपचा हट्ट धरून जागा अडवू नका. पीव्हीसी ७५-८० अंशांना मऊ पडतो, तेव्हा तो बंपरकडच्या बाजूलाच वापरायचा. एक्झॉस्टच्या जवळून जाणार असेल तर अॅल्युमिनियमचा पाइप. होस, क्लॅम्प, रबर ग्रोमेट नाना पेठेत, पत्रा आणि जाळी रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास, आणि जुनी पण चांगल्या पोलादाची कानस किंवा पत्रा कापायची कात्री हवी असेल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात एक चक्कर. फोम टेप आणि दाराला लावतात ती रबर बीडिंग विसरू नका. हात कापले जातात ते पत्र्याच्या उघड्या कडेने.

तोंडाची जागा ठरवताना पावसाळा डोळ्यांसमोर ठेवा. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते गेलं की पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावं लागतं. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढला तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या होत्या, आणि तुंबलेले रस्ते तर शहरात दर पावसाळ्यात असतात. म्हणून नवं तोंड कंपनीच्या तोंडापेक्षा एक बोटही खाली येता कामा नये. बंपरच्या खालच्या जाळीत, फॉग लॅम्पच्या खोबणीत ते नेऊन ठेवतात, हवा तिथे थंड असते हे खरं, पण पुण्यात मी ते कुणाला करू देणार नाही. मार्गातल्या सर्वांत खालच्या बिंदूला ६ मिलिमीटरचं भोक ठेवा, उडालेलं पाणी तिथून निथळेल. पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, टो करून न्यायची. आणि पॉलिसीत इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर आहे का ते आजच बघा. साध्या पॉलिसीत पाण्याने गेलेलं इंजिन बहुतेकदा बसत नाही.

कापण्याआधी पुठ्ठा. मिठाईच्या खोक्याचा चालतो. ग्रिलपासून डब्यापर्यंतचा मार्ग आधी पुठ्ठ्याने बांधा, बॉनेट लावून बघा, पुन्हा उघडून कुठे दबलाय ते बघा. इंजिन रबरी माउंटवर हलतं, बॉडी हलत नाही, म्हणून दोन्हींच्या मध्ये कुठे तरी लवचिक होसचा तुकडा हवाच. ९० अंशांचा एल्बो टाळून ४५ चे दोन घ्या. पाइपचं टोक सरळ कापून सोडू नका. हीट गनने दोन बोटं रुंदीचा काठ मऊ करून स्टीलच्या वाटीच्या बुडावर सावकाश दाबला की तो सनईच्या तोंडासारखा पसरतो, आणि हवा कडेला न अडखळता आत शिरते. हे उघड्या जागी करा, हातमोजे घालून. पीव्हीसी काळा पडायला लागला की धूर घातक असतो, तिथेच थांबा. तोंडाला बारीक जाळी लावा, गाळ आणि पानं अडतात.

भोकं पाडून झाली की आतला प्रत्येक कण बाहेर आला पाहिजे. पाइप धुवा, वाळवा, मग ओलं पांढरं फडकं काठीला गुंडाळून आरपार ओढा. फडक्यावर चकाकणारा एक कण जरी दिसला, तरी पुन्हा धुवायचं.

बसवायच्या दिवशी गाडी थंड हवी आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढलेली. पहिल्यांदा चालू केल्यावर क्लॅम्पजवळ कान लावा, शिटीसारखा आवाज येतो का ऐका. मग तेच दोन रस्ते, त्याच वेळा, तोच डोंगल. दिवस आधीच्याइतकाच तापलेला निवडा. ट्रॅफिकमधला आकडा फारसा हलणार नाही, कारण उभ्या गाडीत रेडिएटरची गरम हवाच फिरून पुढे येते. बाह्यवळणावरचा आकडा आणि बाहेरचं तापमान यांतला फरक कमी झाला पाहिजे. तो कमी झाला नाही तर आडपत्र्याची बीडिंग बॉनेटला नीट टेकते का ते आधी बघा. चेक इंजिनचा दिवा लागला आणि कोड पी ०१७१ आला, तर कुठे तरी न मोजलेली हवा शिरतेय. आठवडाभराने सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. गरम-गार होऊन पहिल्या आठवड्यात ते हमखास सैल पडतात.

डब्याच्या अलीकडची काढलेली मूळ नळी, तिचे क्लिप आणि स्क्रू एका पिशवीत, वर गाडीचा नंबर लिहून, माळ्यावर. सर्व्हिसिंगला जाताना ती परत बसवा, आणि मे संपत आला की पावसाळ्यापुरतीही तीच ठेवा. दसऱ्यानंतर नवी पुन्हा चढवता येते.