तिसऱ्या रांगेतला फोटो : भक्तांवरची थ्रिलर कशी लिहायची

सांगलीत विश्रामबागेकडं माझं फ्लेक्सचं दुकान आहे. दिवसा वाढदिवस छापायचे आणि रात्री शॉर्टफिल्म लिहायच्या, असं अकरा वर्षं चाललंय. गेल्या पावसाळ्यात आम्ही बावीस मिनिटांची एक थ्रिलर केली. एक म्हातारा झालेला नट, नदीकाठची त्याची वाडी आणि त्याच्यासाठी काहीही करायला तयार असलेली माणसं. ती बघून कॉलेजची पोरं दुकानात येतात, "काका, असलं लिहायचं कसं?" एकेकाला सांगत बसलो तर प्रिंटिंग राहतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात आधी, देवापासून, म्हणजे ज्याची भक्ती चाललीय त्या माणसापासून, सुरुवात करू नका. पोरं स्क्रिप्ट आणतात त्यात पहिल्याच पानावर तो असतो. पांढरे कपडे, हळू चाल, गूढ हसू. झालं, संपला तो. आमच्या फिल्ममध्ये नट नवव्या मिनिटाला दिसतो. तोवर फक्त त्याची रिकामी खुर्ची, त्याचा धुवायला टाकलेला रुमाल आणि त्याच्याबद्दल बोलणारी माणसं. सुरुवात भक्तापासून करायची, आणि भक्त कसा असतो हे बघायचं असेल तर एखादा वाढदिवसाचा फ्लेक्स नीट वाचा.

मधोमध दादा, छातीपर्यंत. वर गोल चौकटीत थोर पुरुष आणि मोठे नेते. दादांच्या उजव्या हाताला खास माणूस, त्याचा फोटो दादांच्या निम्मा. मग शुभेच्छुकांच्या रांगा. पहिल्या रांगेतली तोंडं ओळखू येतात, तिसरीतली पासपोर्ट फोटोएवढी, आणि सगळ्यात खाली ज्यांना फोटोही मिळाला नाही त्यांची नुसती नावं. कोण कुठं बसणार, हे ठरवणं डिझाईनच्या चौपट वेळ खातं.

एकदा रात्री अकराला शटर ओढत होतो तेव्हा एक पोरगा आला. वीसेक वर्षांचा, मित्राचा गॉगल लावून काढलेला फोटो मोबाईलमध्ये. म्हणाला, "काका, तेवढं मला वरच्या रांगेत घ्या की. पाचशे वर्गणी दिलीया मी." मी विचारलं, दादा ओळखतात का तुला? "वळखत्यात की! मिरवणुकीत हात केलता मला." मिरवणुकीत दोन-तीन हजार माणूस असेल. मी त्याला वर घेतला. अर्ध्या तासात दुसऱ्याचा फोन, "काका, माझ्या जागी कोण बसवलासा?"

तो हात त्याला खरोखरच केला होता, असं त्या पोराला अजून वाटतं. या एकतर्फी ओळखीवर हॉर्टन आणि वोल या दोन अमेरिकी संशोधकांनी 1956 सालीच लिहून ठेवलंय. तेव्हा टीव्ही नवा होता आणि पडद्यावरचा माणूस आपल्याशीच बोलतोय असं बघणाऱ्याला वाटायचं. तुमचा नायक हा असा पोरगा करा. वेडा नको, मूर्ख तर अजिबात नको. त्याला वरच्या रांगेत जायचंय, बस्स. पुढं 2002 च्या सुमारास मानसशास्त्रवाल्यांनी चाहत्यांच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीवर गप्पा आणि मजा. दुसरीवर तो माणूस सतत डोक्यात. तिसरीवर, त्याच्यासाठी बेकायदा काही करायला सांगितलं तरी करीन. मी या पायऱ्या सरळ तीन अंक म्हणून वापरल्या. एका पायरीवरून दुसरीवर जाताना मात्र मोठा प्रसंग घालू नका. कुणीतरी त्याला नावानं हाक मारली, एवढं पुरतं.

आता वाडी. माणसं आत कशी अडकतात, हे दाखवताना मी पहिल्या खर्ड्यात तोंड आपटलं. गेटवर दोन दांडगे पहारेकरी मोबाईल हिसकावून घेतात, असं लिहिलं होतं. वाचताना आमचा कॅमेरावाला हसायला लागला. दुसऱ्या खर्ड्यात एक मावशी आली. आरतीचं ताट घेऊन. कुंकू लावते, "दमला असशील बाळा" म्हणते, मोबाईल ताटात घेते आणि त्याची पावती देते. छापील, नंबर घातलेली. पिक्चर बघताना लोक गप्प झाले ते त्या पावतीला. पावती मिळाली की आपलं माणूस निश्चिंत होतं. वस्तू गेली, हे त्याच्या लक्षातच येत नाही.

तसंच पुढं. जेवण चांगलं, पण सगळ्यांनी एकदम. झोप रोज थोडी कमी. बाहेरच्यांसाठी आतल्यांचा एक शब्द पाहिजे, आमच्या वाडीत बाहेरच्याला 'उष्टा' म्हणतात. नायकाच्या तोंडी तो शब्द आपल्या आईबद्दल येतो, सतराव्या मिनिटाला, फोनवर नाही तर भांडी घासताना सहज. त्या सीनला संगीत घालू नका, नळाचं पाणी ऐकू द्या.

खऱ्या घटना वाचा, पण आकडे उचलू नका. गयानातल्या जोन्सटाऊनमध्ये, एका अमेरिकी पंथाच्या वस्तीत, 18 नोव्हेंबर 1978 ला नऊशेच्या वर माणसं मेली, त्यातली साधारण एक तृतीयांश पोरं होती. लिहिणाऱ्यानं उचलायची गोष्ट वेगळीच आहे. त्या रात्रीआधी तिथं तालमी झाल्या होत्या. हे विष आहे, प्या, म्हणून सांगायचं, लोक प्यायचे, आणि मग कळायचं की परीक्षा होती. तालीम दाखवा. खरा प्रसंग पडद्याबाहेर ठेवला तरी चालतो.

दुसरी घटना शिकागोजवळची. 21 डिसेंबर 1954 ला पूर येऊन जग बुडणार म्हणून एक गट रात्रभर जागला. पूर आला नाही. माणसं घरी जातील असं वाटेल, पण झालं उलटं, वर्तमानपत्रांना टाळणारे तेच लोक आता स्वतःहून फोन करून मुलाखती द्यायला लागले. मध्यंतरानंतर तुमच्या देवाचं पितळ उघडं पाडा आणि भक्ती वाढवा. सांगलीकरांना पूर काय असतो ते सांगायला नको, त्यामुळं आमच्या फिल्ममध्ये नट पुराची तारीख चुकतो आणि दुसऱ्या दिवशी वाडीत दुप्पट माणसं येतात.

2025 चा 'ओपस' हा इंग्रजी सिनेमा बघून घ्या. शेवट कळायला नको असेल तर हा परिच्छेद सोडा. जॉन माल्कोविच त्यात बऱ्याच वर्षांनी परत आलेला पॉपस्टार आहे आणि नवा अल्बम ऐकवायला पत्रकारांना आपल्या वस्तीवर बोलावतो. दिग्दर्शक मार्क अँथनी ग्रीन स्वतः मासिकात काम केलेला, त्यामुळं आमंत्रण आलं की पत्रकाराचा अहंकार कसा फुगतो ते त्याला बरोबर ठाऊक. मधला भाग मला सैल वाटला. पण त्या पत्रकारांतली सुटून आलेली मुलगी पुस्तक लिहिते आणि त्या पुस्तकानंच पॉपस्टारचा पंथ पसरतो, हा डाव भारी आहे. तिला जिवंत ठेवलीच त्यासाठी.

स्क्रिप्टमध्ये पोलीस असेल तर त्याला कायदा माहीत पाहिजे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. चमत्कार दाखवून लुबाडलं तर तो कायदा लागतो. नटाच्या पाया पडणं हा गुन्हा नाही. आमचा हवालदार वाडीत येतो, चहा पितो आणि परत जातो, कारण तक्रार द्यायला कुणीच तयार नाही. तो सीन लिहायला मला दहा मिनिटं लागली असतील.

शूटिंगचं एकच सांगतो. 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं तेव्हापासून गावाच्या अंगात नाटक आहे, त्यामुळं आपला नट शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतो. त्याला हळू बोलायला लावा, म्हणजे बाकीच्यांना पुढं वाकावं लागेल. आणि सेटवर त्याला वेगळी खुर्ची देऊ नका. आम्ही दिली. तिसऱ्या दिवशी आमचीच पोरं त्याला "साहेब" म्हणायला लागली, त्याच्याआधी कुणी जेवेना, आणि एकानं रीटेक मागायचा तर माझ्या कानात येऊन विचारलं, "साहेबांना चालंल का?" पंगतीत बसवला तेव्हा कुठं थांबलं.

शेवटच्या शॉटला मी दुकानातलीच फाईल उघडली. नायकाचा तोच गॉगलवाला फोटो, आता मधोमध. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' पुसून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाईप केलं, 'शुभेच्छुक'च्या जागी 'शोकाकुल'. खालच्या रांगा तशाच ठेवल्या, फक्त वर सरकवल्या, कारण त्याची जागा रिकामी झाली होती. हा फ्लेक्स कॉम्प्युटरवर चिकटवू नका, खरा छापा, आठ बाय सहाचा, आणि चौकात रात्री लावून शूट करा. लाईट समोरून मारू नका, चकचकीत फ्लेक्सवर मधोमध पांढरा डाग पडतो आणि नेमकं तोंड जातं. बाजूनं, खालून, एकच बल्ब.