सराउंड प्रोसेसर घेण्याआधी खोली मोजा

सराउंड प्रोसेसर, म्हणजे होम थिएटरमध्ये प्रत्येक स्पीकरला त्याचा आवाज वाटून देणारं यंत्र, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी चॅनेल, म्हणजे स्पीकरांसाठीच्या वेगळ्या वाटा, मोजतात. सात, नऊ, अकरा. मी आधी मोजपट्टी हातात घ्यायला सांगते. सोफ्यापासून प्रत्येक स्पीकर किती लांब, पाठीमागची भिंत किती अंतरावर, छत किती उंच, हे कागदावर उतरवा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर मागच्या दोन स्पीकरांना जागाच उरत नाही. अशा खोलीत ५.१.४ उत्तम, म्हणजे भोवती पाच, एक सबवूफर (खोल बेससाठीचा स्पीकर) आणि डोक्यावर चार.

मग ठरवा, प्रोसेसर हवा की अँप्लिफायर आतच असलेला रिसीव्हर. प्रोसेसरमध्ये पॉवर अँप्लिफायर नसतो. आलेला सिग्नल उलगडून तो प्रत्येक स्पीकरचा वाटा वेगळा करतो, पातळी आणि वेळ जुळवतो आणि पुढचं काम वेगळ्या अँप्लिफायरवर सोपवतो. खोली लहान आणि स्पीकर सहज वाजणारे असतील तर प्री-आउट (पुढे बाहेरचा अँप्लिफायर जोडायची सोय) असलेला चांगला रिसीव्हर पुरतो. स्पीकर ४ ओहमचे, ताकद मागणारे असतील आणि बसायची जागा लांब असेल, तर प्रोसेसरवर खर्च करण्यात अर्थ आहे.

आता खरा मुद्दा, बेसचा. माझ्या पहिल्या प्रोसेसरच्या मागे सबवूफरच्या दोन जॅक होत्या. मी खूश होऊन एक सबवूफर पडद्याजवळ ठेवला, दुसरा सोफ्यामागे. एक ४ मीटरवर, दुसरा जेमतेम १ मीटरवर. स्फोटाचे आवाज दणदणीत यायचे, पण बेस गिटारच्या ओळीतले मधले काही सूर सोफ्यावर बसलं की गायब. उठून दाराशी गेलं की तेच सूर स्पष्ट! कितीतरी संध्याकाळी मी उठबस करत ऐकलं. शेवटी मॅन्युअलमध्ये सापडलं: दोन्ही जॅकमधून एकच सिग्नल जात होता, त्यामुळे दोघांना वेगळा डिले, म्हणजे अंतरानुसार आवाज किंचित उशिरा सोडणं, देताच येत नव्हता. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ३ मीटरचा फरक म्हणजे जवळपास ९ मिलिसेकंद, आणि ५७ हर्ट्झच्या आसपास दोन्ही सबवूफरच्या लाटा सोफ्यावर एकमेकींना खोडून टाकणार. म्हणून विचारायचा पहिला प्रश्न हा: सबवूफरचे आउटपुट खरोखर स्वतंत्र आहेत का? प्रत्येकाला वेगळं अंतर आणि वेगळी पातळी देता येते का?

दुसरा प्रश्न रूम करेक्शनचा. ५ मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपास घुमारा उठतोच. कितीही महाग स्पीकर आणा, भिंती त्याच राहतात. ऑडिसी, डिरॅक लाइव्ह यांसारख्या प्रणाली माइकने मोजून हा घुमारा उतरवतात. नाव एकच असलं तरी यंत्रागणिक फरक असतो. काही यंत्रांवर डिरॅक फक्त खालच्या पट्ट्यात काम करतो, तर बऱ्याच ठिकाणी त्याच्या बेस कंट्रोलचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. तो खर्च आधीच हिशेबात धरा.

मोजताना माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. स्टँडवर, कानाच्या उंचीला, पाठीपासून वीतभर पुढे ठेवा. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि तुम्ही स्वतः खोलीबाहेर. मी एकदा शेजारीच श्वास रोखून बसले होते. मांडी घातलेल्या माणसाच्या अंगावरूनही आवाज परततो. ते मोजमाप पुन्हा घ्यावं लागलं. झाल्यावर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा बेस सबवूफरकडे जातो ती सीमा, तपासा. यंत्राने मोठ्या स्पीकरला ४० हर्ट्झ सुचवलं तरी ८० करून ऐका. सेंटर स्पीकरवरचं ओझं हलकं होतं आणि संवाद मोकळे होतात.

जोडण्यांचं थोडक्यात. स्ट्रीमिंगमधला अ‍ॅटमॉस (डोक्यावरचे स्पीकरही वापरणारा ध्वनिप्रकार) सहसा डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतो आणि टीव्हीच्या साध्या एआरसीवरूनही (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने परत पाठवायची सोय) जाऊ शकतो. ब्लू-रे डिस्कवरचा ट्रूएचडी, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेला आवाज, टीव्हीमार्गे आणायचा तर ई-एआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, लागतो. प्लेअर थेट प्रोसेसरला लावलात तर तो प्रश्नच मिटतो. गेम कन्सोलवर ४के १२० हर्ट्झ हवं असेल, तर कुठल्या एचडीएमआय पोर्टवर ते चालतं ते बघा. सगळ्यांवर चालेलच असं नाही. डॉल्बी अ‍ॅटमॉस आणि डीटीएस:एक्स आता बहुतेक प्रोसेसरांत असतात, त्यावर डोकं शिणवू नका.

अँप्लिफायर प्रोसेसरपासून लांब ठेवणार असाल तर एक्सएलआर (तीन पिनांची बॅलन्स्ड जोडणी) आउटपुट घ्या, लांब केबलमध्ये गुणगुण कमी शिरते. आणि अँप्लिफायरला पूर्ण ताकदीसाठी किती व्होल्ट लागतात ते प्रोसेसरच्या आउटपुटशी ताडून पाहा.

पैसे देण्यापूर्वी मॅन्युअल डाउनलोड करा. सबवूफर सेटिंगचं पान उघडा. दोन सबवूफरसाठी अंतराच्या दोन वेगळ्या ओळी दिसल्या, तर पुढची चौकशी करा.