सॉनेट आणि नाटक: गाइड उघडण्याआधी

शेक्सपिअरचं १८वं सॉनेट (१४ ओळींची कविता) घ्या. पहिल्या दिवशी अर्थाच्या वाटेला जाऊ नका. मोठ्याने वाचा आणि बोटांवर सिलॅबल, म्हणजे शब्दाचे उच्चारातले तुकडे, मोजा. ओळीला १० हवीत, एक हलकं, एक जोरकस. दुसऱ्या ओळीत बहुतेकांची ९च भरतात, कारण शेवटचं 'टेम्परेट' आपण 'टेम्प्रेट' असं उरकतो. तीन तुकड्यांत म्हणा, १० जुळतील आणि चौथ्या ओळीतल्या 'डेट'शी यमकही लागेल. ११६व्या सॉनेटात 'फिक्स्ड'सुद्धा 'फिक्-सेड' असं वाचावं लागतं.

मग पेन्सिल. ४, ८ आणि १२ ओळींनंतर रेघ मारा, यमकं कखकख, गघगघ, चछचछ, जज अशी लिहा. १८व्यात नववी ओळ 'बट'ने सुरू होते, तिथे विचार वळतो. पण हा नियम म्हणून पाठ करू नका: १३०व्यात वळण थेट तेराव्या ओळीत आहे.

खरा दगा देतात ते ओळखीचे शब्द. अवघड शब्द आपण शब्दकोशात पाहतो, सोपे तसेच सोडतो. १८व्यातली 'डेट' म्हणजे तारीख नव्हे, भाडेपट्ट्याची मुदत. उन्हाळ्याचा पट्टा लवकर संपतो अशी तक्रार आहे. (तिकडचा उन्हाळा हवाहवासा, आपला वैशाख डोळ्यांपुढे आणलात तर कविताच उलटेल.) 'स्टिल' बरेचदा 'नेहमी', 'प्रेझेंटली' म्हणजे 'ताबडतोब', 'व्हेअरफोर' म्हणजे 'का'. ज्यूलिएट रोमिओला शोधत नसते, तू रोमिओच का, असं विचारते.

नाटकात 'दाऊ' (तू) आणि 'यू' (तुम्ही) दोन रंगांनी अधोरेखित करा. तू-तुम्हीची सवय असलेल्या कानाला हा फरक पटकन कळतो. 'हॅम्लेट', अंक ३, प्रवेश ४: आई मुलाला 'दाऊ' म्हणते, तो 'यू'ने उत्तर देतो, आणि पुढच्याच वाक्याला तीही 'यू'वर येते. माया आटली, राग चढला. मात्र मुलाचं 'यू' हाच उद्धटपणा समजू नका. आपण आईला 'तू' म्हणतो. तिथे मुलाने 'यू' म्हणणं ही रीत होती. टोचतं ते त्याने तिचंच वाक्य तिच्यावर उलटवणं.

उतारा देताना अंक, प्रवेश, ओळ आणि आवृत्ती, चारही लिहा. 'हॅम्लेट'च्या १६०३च्या छापील प्रतीत 'टू बी ऑर नॉट टू बी' हे प्रसिद्ध स्वगतही वेगळं आहे. शिवाय गद्य संवादांच्या ओळी पानाच्या रुंदीप्रमाणे तुटतात, म्हणून मैत्रिणीच्या पुस्तकातला ओळ क्रमांक तुमच्या पुस्तकात सापडेलच असं नाही.