दगडखाणीतला अपघात आणि मी लिहिलेला स्टॅम्पपेपर

मायनिंगचा डिप्लोमा करून 2021 मध्ये धुळे जिल्ह्यातल्या एका दगडखाणीवर लागलो. चौथ्याच महिन्यात दरड कोसळली आणि एक ड्रिलर गेला. धडगावकडचा, वय 30. खालून पोखरून वर कातळ लोंबता ठेवायला नियमात मनाई आहे. आमच्याकडे तसा कातळ आम्ही सगळे रोज बघत होतो.

पंचनामा, खाण सुरक्षा महासंचालनालयाला सूचना, अपघाताची जागा न हलवणं, हे कॉलेजात शिकवतात. त्या संध्याकाळी काय घडतं ते नाही शिकवत. मुकादम दोन लाख रोख आणि स्टॅम्पपेपर घेऊन आला. 'यापुढे कसलाही दावा राहणार नाही' हे त्यावर माझ्या अक्षरात आहे. गेलेल्या ड्रिलरच्या बायकोला मराठी जेमतेम कळायचं, तिची पावरी भाषा येणारं आमच्यात कोणी नव्हतं. तिनं अंगठा दिला.

असला कागद कायद्यापुढे टिकत नाही. तेव्हा 1923 चा भरपाई कायदा लागू होता. मृत्यूची भरपाई मालकानं कामगार भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची. परस्पर दिलेली रक्कम भरपाईत धरत नाहीत. फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल थेट देता येते. हिशेब असा: पगार 15,000 धरला (2020 पासून मर्यादाच तेवढी होती), निम्मे 7,500, तीस वर्षं वयाचा कायद्यातला गुणक 207.98. झाले 15,59,850 रुपये. महिन्यात भरले नाहीत तर वर 12 टक्के व्याज. 'माणूस ठेकेदाराचा होता' म्हणून मालक सुटत नाही. भरपाई त्याच्याकडूनही मागता येते, ठेकेदाराकडून त्यानं मागाहून वसूल करावी. 21 नोव्हेंबर 2025 पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय, तिथली कलमं नीट वाचा.

तिनं अर्ज केला तेव्हा मी त्या संध्याकाळचं सगळं खरं सांगितलं. नोकरी गेली. तिचे पैसे मिळाले.

गावाचंही सांगतो. दुसऱ्या दिवशी लोक गेटवर आले ते अपघातापुरते नव्हते. "आमना घरले तडा पडी ग्यात," एक आजोबा म्हणाले. सुरुंगांची तक्रार जुनी होती, कुणी लिहूनच घेतली नव्हती. अशा तक्रारींची वही अपघाताआधी सुरू करा.

आता मी दुसऱ्या खाणीवर आहे. नवा माणूस आला की मस्टरवर त्याचा पाडा, घरातल्या कुणाचा तरी फोन आणि घरी कोणती भाषा बोलतात, हे पहिल्याच दिवशी स्वतः लिहितो.