वाढत्या मुलांचा बीएमआय कसा काढावा आणि कसा वाचावा

मुलाला अनवाणी, भिंतीला टाचा टेकवून व नजर समोर ठेवून उभे करावे आणि उंची मोजावी. वजन हलक्या कपड्यांत घ्यावे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, मिळतो. ४५ किलो वजनाच्या आणि १.५० मीटर उंचीच्या मुलीचा तो २० येतो.

खरे काम यापुढे आहे. वाढीच्या वयात हा आकडा वयानुसार बदलत असल्यामुळे प्रौढांची मर्यादा थेट लावू नये. तो मुलगा व मुलगी यांच्या वेगवेगळ्या, वयानुसार आखलेल्या आलेखांवर मांडावा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे आलेख ५ ते १८ वर्षांसाठी आहेत, आणि त्यांतील प्रौढांच्या २३ व २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या रेषा अनुक्रमे जादा वजन व लठ्ठपणा दर्शवतात.

मात्र बीएमआय चरबी मोजत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर घरच्यांसोबत रापण (मासेमारीचे मोठे जाळे) ओढणाऱ्या किंवा रोज कबड्डी खेळणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाचा आकडा स्नायूंमुळे वाढलेला असू शकतो, तर वयात येताना मुलींच्या शरीरातील चरबी वाढणे स्वाभाविक असते (हे शेजारपाजारच्या टीकाकारांनाही सांगावे). शंका वाटल्यास कंबरेचा घेर मोजावा. तो उंचीच्या निम्म्याहून अधिक भरल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

एका मोजणीवर विसंबू नये. दर सहा महिन्यांनी नोंद ठेवून आलेखाचा कल पाहावा. डॉक्टरांना न विचारता भात किंवा मासे बंद करू नयेत, कारण वाढत्या वयातील अपुरा आहार उंचीलाही मारक ठरतो.